उन्हाळा, परडं आणि माळ्यावरची मासिकं



ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे आपली श्रुतपंचमी. मे महिना सरता सरता किंवा जूनमध्ये येते. मंदिरातली शास्त्रं त्या दिवशी बाहेर काढतात, झटकतात, वारा देतात, नव्या वेष्टनात बांधतात. लहानपणी मला वाटायचं, पूजेचाच हा एक प्रकार. आता घर सांभाळायला लागल्यावर कळतं की हे अगदी पक्क्या गृहिणीचं वेळापत्रक आहे. पावसाच्या तोंडावर, हवा कोरडी असतानाच कागद तपासून ठेवायचा, कारण नंतरचे चार महिने दमट. सांडगे-कुरडयांचं ऊन आणि पोथ्यांचं ऊन एकच!

मूळ कथा तुम्हाला ठाऊक आहे. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणारे धरसेन आचार्य वृद्ध झाले आणि आपल्याजवळचं ज्ञान आपल्याबरोबरच संपेल या काळजीने त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं. पुष्पदंत आणि भूतबली. त्या दोघांनी षट्खंडागम लिहिला. ग्रंथ पुरा झाला, त्याची संघाने पूजा केली, ती तिथी ही पंचमी. म्हणजे आपला हा सण पाठ केलेलं विसरायला होईल म्हणून लिहून ठेवण्याचा आहे.

पण पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगत नाहीत, आणि मला तोच जास्त आवडतो. या सिद्धांतग्रंथांवरच्या धवला, जयधवला वगैरे टीका कर्नाटकात मूडबिद्रीच्या मंदिरात ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत होत्या. शेकडो वर्षं लोक त्यांचं फक्त दर्शन घेत. वाचता येणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. 1883 साली मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेला गेले, त्यांनी ती पानं पाहिली आणि अस्वस्थ झाले. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना त्यांनी हे कळवलं. हिराचंदशेठ मग ब्रह्मसूरि शास्त्रींना घेऊन मूडबिद्रीला गेले. नकला करायला परवानगी मिळवणं, पैसा उभा करणं यात दहा-बारा वर्षं गेली, आणि 1896 च्या सुमारास ब्रह्मसूरि शास्त्री आणि गजपती उपाध्याय यांनी काम सुरू केलं.

अट अशी होती की नक्कलसुद्धा मूडबिद्रीच्या बाहेर न्यायची नाही. गजपती उपाध्यायांनी गुपचूप एक कानडी नक्कल स्वतःसाठी केली. तिच्यामागे त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई होत्या. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत अशी त्यांची तळमळ होती. ती नक्कल पुढे सहारनपूरला पोहोचली, तिथून नागरीत उतरली, तिच्याही नकला झाल्या, आणि अखेर 1939 साली आपल्या अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापला. मग एकेक करत सोळा खंड निघाले. नियम मोडला का? मोडला. लक्ष्मीबाईंना दोष द्यायला माझी जीभ मात्र रेटत नाही. मूडबिद्रीत तेव्हा किती जणींना ते ग्रंथ हातात घेऊ दिले असते, हा विचार करून बघा.

हेच हिराचंद नेमचंद दोशी 1885 साली सोलापुरात ‘जैन बोधक’ काढत होते. त्या काळी शास्त्र छापावं की नाही यावरच समाजात मोठे वाद होते. शाईत काय असतं, यंत्राला चामडं लागतं का, छापलेली पानं कुठे पडतील, कुणाच्या पायाखाली येतील. आज आपल्याला हसू येतं, पण शेवटची शंका अगदीच खोटी नव्हती. लग्नपत्रिकेवरच्या भगवंतांच्या चित्राचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात आहेच! हिराचंदशेठांच्या कन्या कंकुबाई आणि माणिकचंदशेठांच्या कन्या मगनबाई, दोघींनाही लवकर वैधव्य आलं आणि दोघींनी आयुष्य बायकांच्या शिक्षणाला वाहिलं. बापांनी ग्रंथ बाहेर काढले, लेकींनी ते वाचणाऱ्या बायका तयार केल्या. पुढे सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी हेच काम हाती घेतलं, आणि तिथून ‘श्राविका’ मासिक निघू लागलं.

हे सगळं आत्ता डोक्यात यायला कारण आमच्या माळ्यावरच्या दोन ट्रंका. घराचं बांधकाम काढायचं आहे, माळा रिकामा हवा. एका ट्रंकेत ‘जैन बोधक’, ‘प्रगति आणि जिनविजय’ असे अंक. दुसरीत ‘स्त्री’, ‘किर्लोस्कर’, मुलांचे ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’. पहिल्या ट्रंकेबद्दल प्रश्नच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “त्यात भगवंतांचे फोटो आहेत गं, रद्दीत कसं घालायचं?” दुसरी ट्रंक मात्र रद्दीवाल्याला सांगून ठेवलेली. मला वाटतं, असं घरोघर झालं असणार. धर्माचा कागद अविनयाच्या भीतीने टिकला, आणि बायकांनी दुपारी पाठ टेकून जे वाचलं ते किलोवर गेलं.

मी सासूबाईंकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. दुपारी दोन ते पाच परड्यात, आंब्याखाली चटई टाकून बसते. थेट उन्हात कागद ठेवू नका हो, जुना कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो; सावलीतला वारा पुरतो. प्रत्येक पान उलटून, कसर दिसली तर मऊ ब्रशने कोपऱ्यातल्या पाचोळ्यावर सोडायची. फवारा वगैरे आपल्याला चालायचा नाही. वाळलेला कडुलिंब आणि वेखंडाची पुरचुंडी एवढं बस्स. (वेखंड कंद आहे हे मलाही कळतं, पण आपण ते खात नाही आहोत!)

‘किर्लोस्कर’ 1920 साली निघालं ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची खबर देणारं पत्रक म्हणून. ‘स्त्री’ 1930 साली. आपले कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे, आणि रयत शिक्षण संस्थेच्या आधी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकले होते. आपल्या भागातला जैन शेतकरीच. त्याच्या घरी नांगरामागोमाग मासिक आलं असेल तर नवल नाही. शेती म्हणजे हिंसा, मग जैनांनी ती कशी करावी, असं शहरातले लोक विचारतात. उद्योगी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांतला फरक आपल्या शास्त्राने करून ठेवला आहे, आणि असि, मसि, कृषी शिकवली ती आदिनाथांनीच. मसि म्हणजे शाई. कृषी तिच्या शेजारीच बसली आहे, हे मला फार गोड वाटतं.

तर ‘स्त्री’च्या अंकांच्या समासात आजेसासूबाईंचं शिसपेन्सिलीचं अक्षर सापडलं. “दोडका लावला, अक्षय तृतीया.” “मोगऱ्याला कळ्या.” “घेवडा कीड, राख टाकली.” एका ठिकाणी नुसतं “विहीर तळाला.” पाणी दुपदरी फडक्याने गाळून जिवाणी त्याच विहिरीत सोडायची, तीही तळापर्यंत अलगद, म्हणजे विहीर तळाला गेल्यावर त्या बाईचा दिवस दोर ओढण्यातच गेला असणार. आणि तरी दुपारी मासिक हातात होतं. त्या शाळेत किती शिकल्या ते सासूबाईंनाही सांगता येत नाही. परड्यात त्यांनी काय काय लावलं ते मात्र आता मला वर्षावार सांगता येईल. मुळा, रताळं, कांदा नाही. दोडका, कारलं, शेवगा, घेवडा, अबोली.

सासूबाईंना ती पानं दाखवली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ वाचलं. मग म्हणाल्या, “ही विहीर तळाला गेली त्या वर्षी मी नवी नवरी होते.” आणि रद्दीवाल्याला फोन करायला मुलाला सांगितलं, येऊ नको म्हणून.

‘चांदोबा’ शेजारच्या मुलांनी आधीच पळवले आहेत. ‘स्त्री’च्या अंकांना शिवायला मी जाड दोरा आणि खादीचं कापड आणलंय. ‘श्राविका’चा मात्र आमच्या ट्रंकेत एकही अंक निघाला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या आजीकडे असतील तर कळवा, मी येऊन तिथेच बसून वाचीन. न्यायला मागणार नाही.