किलोमीटर की तास? जुन्या ट्रकचे वय आणि उपनगरांचा इतिहास

१/ जुना ट्रक घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाडी किती चालली? उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. मुंबईच्या उपनगरांत राबलेल्या गाडीबाबत हे उत्तर अपुरे आहे. गाडी किती अंतर गेली आणि इंजिन किती वेळ चालले, हे दोन निराळे प्रश्न. त्यांचा इतिहास जुहू, कांदिवली आणि मुलुंडच्या वाटेने पाहूया. #थ्रेड #इतिहास

२/ अंतर मोजण्याची युक्ती प्राचीन आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने अंतर मोजणाऱ्या रथाचे वर्णन केले आहे. चाकाचे ४०० फेरे झाले की एक रोमन मैल भरे आणि एक खडा पितळी भांड्यात पडे. मुक्कामी पोहोचल्यावर खडे मोजायचे. या रथाला इंजिन नव्हते. तो थांबला की त्याची झीजही थांबे. म्हणून चाकाचा हिशेब पुरेसा होता.

३/ वाफेच्या यंत्राने हे गणित मोडले. खाणीतले पाणी उपसणारे यंत्र जागचे हलत नसे, पण झिजत असे. अठराव्या शतकात बोल्टन आणि वॉट यांचा मोबदला कोळशाच्या बचतीवर ठरे; त्यासाठी यंत्राने किती काम केले हे कळणे आवश्यक होते. म्हणून त्यांनी यंत्राचे हेलकावे मोजणारा गणक बसवला, आणि तो कुलूपबंद पेटीत ठेवला! इंजिनाचे काम मोजण्याचे हे साधन व्यवहारातल्या अविश्वासातून घडले.

४/ तासांचा हिशेब आपल्या उपनगरांत ठळकपणे दिसला तो जुहूला. तेथील विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने येथेच उतरले. विमानाच्या नोंदवहीत उड्डाणाचे तास लिहिले जातात आणि इंजिन उघडून तपासण्याची मुदतही तासांतच ठरते. हवेत इंजिन बंद पडण्याची किंमत जिवाने मोजावी लागते. तेथे अंदाज चालत नाही.

५/ दुसरी खूण कांदिवलीची. १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून ट्रॅक्टरची कंपनी उभी राहिली; तिचा कारखाना कांदिवलीला. नांगरणी करणारा ट्रॅक्टर दिवसभर त्याच शेतात फिरतो, मळणीच्या वेळी तर उभ्या जागी यंत्र चालवतो. म्हणून त्याला अवर मीटर असतो. जुना ट्रॅक्टर घेणारा शेतकरी आजही विचारतो : किती तास झालाय?

६/ ट्रक मात्र किलोमीटरचाच राहिला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्याने डॉज आणि फार्गो ट्रक दिले. ट्रक म्हणजे गावोगाव माल नेणारे वाहन, हीच कल्पना रूढ होती. मुंबई–अहमदाबाद रस्त्यावर धावणाऱ्या गाडीपुरते ते योग्यच होते, कारण तेथे अंतर आणि वेळ बरोबरीने वाढतात.

७/ शहराच्या वेशीवर ही जोडी फुटली. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. पुढे या वेशींवरचे जकात नाके म्हणजे ट्रकच्या रांगा, असे समीकरणच झाले. रांग वीतभर सरकली की गाडीही वीतभर पुढे घ्यायची. इंजिन चालू आणि मीटर जवळजवळ स्थिर. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात संपली. 'मुलुंड चेकनाका' हे नाव मात्र उरले.

८/ येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे श्रम तासांत मोजले : दिवसाला ८, आठवड्याला ४८. माणसाची दमणूक वेळेवर ठरते हे कायद्याने मान्य केले. त्याच चालकाच्या ट्रकची दमणूक मात्र बाजार किलोमीटरवरच मोजत राहिला.

९/ जकातीच्या रांगा गेल्या, पण उभ्याने राबणाऱ्या गाड्या वाढल्या. अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मेट्रोचे खांब आणि पुनर्विकासाचे टॉवर यांना काँक्रीट लागते. ते आणणाऱ्या मिक्सरचा ड्रम गाडी उभी असतानाही फिरत राहतो. कचरा दाबणारी गाडी, पंप चालवणारा टँकर, क्रेनचा ट्रक यांचेही तसेच.

१०/ आता एक काल्पनिक हिशेब करू.
पहिला ट्रक : २,४०,००० किमी, ६,००० तास. सरासरी ताशी ४० किमी.
दुसरा ट्रक : ९०,००० किमी, ९,००० तास. सरासरी ताशी १० किमी.
मीटर पाहून दुसरा 'कमी चाललेला' वाटतो. प्रत्यक्षात त्याचे इंजिन पहिल्याच्या दीडपट वेळ चालले आहे. पहिल्याच्या वेगाने मोजले, तर हे ३,६०,००० किमी होतात.

११/ उभ्या इंजिनाचे तास निरुपद्रवी नसतात. थंड राहिलेल्या इंजिनात इंधन नीट जळत नाही, काजळी धरते, ऑइल बिघडते. फोर्डने आपल्या पोलिस गाड्यांसाठी तर एक तास उभे चालणे सुमारे ३३ मैलांच्या, म्हणजे ५३ किमीच्या बरोबरीचे मानले. बीएस-६ डिझेल गाडीत याच कारणाने धुराची जाळी तुंबते. उलट टायर, ब्रेक आणि पाटे यांची झीज किलोमीटर आणि वजनच सांगतात. म्हणून दोन्ही आकडे हवेत.

१२/ व्यवहारात काय करावे? इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर स्कॅनर लावून एकूण तास आणि मिळाल्यास उभे तास पाहावेत. किलोमीटरला तासांनी भागावे. भागाकार फार लहान आला तर गाडीने कोणते काम केले ते विचारावे. जुन्या गाडीत अशी नोंद नसते. तेथे डिझेल आणि ऑइल बदलाच्या पावत्या तारखेनिशी ताडून पाहाव्यात. किलोमीटरच्या मानाने डिझेल फार जास्त गेले असेल, तर ते कुठेतरी उभ्याने जळाले आहे. मीटर मागे फिरवता येतो; पावत्यांची जुनी चळत एका रात्रीत उभी करणे अवघड असते.

१३/ हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. जुना ट्रक बहुधा कर्ज काढून घेतला जातो आणि घेणारा अनेकदा स्वतःच चालक असतो. पहिल्या वर्षातच इंजिनाचे काम निघाले, तर हप्ता आणि घरखर्च यांतून एकाचीच निवड उरते. वॉटने आपला गणक कुलपात ठेवला होता. त्या कुलपाची गरज आज सर्वांत जास्त या गिऱ्हाइकाला आहे.

तुमच्या घरी कोणी मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर गाडी घेऊन उभे राहिले असेल, तर किती तास थांबावे लागे हे त्यांना विचारून येथे अवश्य लिहा. त्या तासांची नोंद कोणत्याही मीटरवर नाही.