मंत्रसामर्थ्य आणि भूमीचा हक्क : अद्भुतकथा व कोलाम
जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील (१९९७–२००७) घरकामी एल्फ मंत्रसामर्थ्यात जादूगारांहून उणे नाहीत. तरी बहुतेकांना दास्यच प्रिय आहे आणि त्यांच्या मुक्तीचा आग्रह धरणारी हर्मायनी थट्टेचा विषय होते. गॉब्लिनांना तर जादूची कांडी बाळगण्याचीच मनाई. लेखिकेची सहानुभूती निर्विवाद असली, तरी दासाच्या मुखी धन्याचेच समर्थन येते. सामर्थ्य मान्य, हक्क मात्र अमान्य, हा वसाहती राज्यकारभाराचाच न्याय होय.

यवतमाळ जिल्ह्यातील कोलामांचा इतिहास येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. अर्थात रोलिंग यांनी तो पाहिला होता असे नव्हे. रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात (१९१६) कोलामांची मुख्य वस्ती वणी तालुक्यात नोंदली आहे. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादेत, १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांना गोंड लोक कोलामांना ‘पुजारी’ म्हणताना आढळले. स्थानिक देवतांची पूजा त्यांच्याच हातून व्हावयाची. गोंडांच्या दृष्टीने हे सामर्थ्य म्हणजे अधिकार होता, त्यासाठी कोलामाच्या दारी जावे लागे. राखीव जंगलाच्या कायद्याला असा अधिकार ठाऊकच नव्हता. डोंगरउतारावरची फिरती शेती त्याने बंद केली. देव कोलामाचे राहिले, डोंगर सरकारचा झाला. वनवासींवरील या ऐतिहासिक अन्यायाची कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत आहे.