सातवाहन सत्ता आणि सह्याद्रीचे घाटमार्ग

दख्खनवर इसवी सनाच्या आगेमागे काही शतके राज्य केलेल्या सातवाहनांचे वैभव सह्याद्रीच्या घडणीशी घट्ट निगडित होते. ही बेसाल्टची रांग कोकणाच्या अंगाला कड्यासारखी तुटलेली, तर पूर्वेला हळूहळू उतरत जाणारी असल्यामुळे सोपारा, कल्याण यांसारख्या बंदरांतला माल देशावर, म्हणजे घाटमाथ्यापलीकडील पठारावर, चढवायचा तर मोजक्या खिंडींवाचून गत्यंतर नव्हते. साहजिकच ज्याच्या हाती खिंड, त्याच्या हाती जकात.

यांपैकी कल्याण–जुन्नर वाटेवरील नाणेघाट सर्वांत बोलका आहे. घाटाच्या तोंडाशी खोदलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असून त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची, म्हणजे तत्कालीन नाण्यांची, नोंद आहे. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राजकुलाचे हे दर्शन राजधानीत न घडवता व्यापाऱ्यांच्या वाटेवर घडवावे, यातच या घाटाचे महत्त्व स्पष्ट होते. जवळचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकसमजूत आहे.

मोसमी वाऱ्यांच्या बळावर रोमन अमलाखालील इजिप्तची जहाजे अरबी समुद्र थेट ओलांडू लागली, तेव्हा या वाटांसाठी संघर्ष पेटला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार पैठणचे अकीकासारखे दगड आणि तेरचे सुती कापड गाड्यांतून भडोचला जाई, आणि कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडेच नेली जात. भडोच क्षहरात क्षत्रपांकडे, म्हणजे पश्चिम भारतातील शक राज्यकर्त्यांकडे होते. त्यांच्यातील नहपानाच्या काळचे लेख नाशिक, कार्ले आणि जुन्नर येथे आढळतात. ही तिन्ही ठिकाणे घाटवाटांच्या माथ्याजवळची आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा रोख उघड होतो.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून हा प्रदेश परत मिळवला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या नहपानाच्या 13,000हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा उमटवलेला आहे.