शालेय साधनांची मालकी आणि परभणीचा पालक

परभणी जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास सरकारी दप्तरांवरून लिहावयास बसले, तर शाळा किती उघडल्या, शिक्षक किती नेमले गेले आणि पटावर मुले किती आली, याचा हिशेब बऱ्यापैकी लागतो. परंतु त्या मुलाच्या हातातील साधन घरी कोणी आणले, ते कोणी जपले, आणि त्यातून मूल काय शिकते आहे याचा अंदाज घरातील वडीलधाऱ्यांना कशाने येत होता, याची नोंद त्या दप्तरांत सहसा सापडत नाही. अलीकडे मोबाइल आणि ऑनलाइन अभ्यासाच्या संदर्भात पालकांनी मुलांस साहाय्य कसे करावे, याविषयीच्या उपदेशांची रेलचेल झाली आहे, आणि हा प्रश्न काल-परवाच उपजला असे त्या उपदेशांत गृहीत धरलेले दिसते. मला तसे वाटत नाही. शाळेच्या साधनाशी घराने कसे वागावे, हा प्रश्न धुळाक्षरांइतका जुना आहे. त्यात नवे काय असेल तर ते त्या साधनाच्या मालकीत आहे.

पंतोजींच्या शाळेत मूल दाखल होई, तेव्हा घरावर पडणारे काम ठरीव असे. बहुधा दसऱ्याचा मुहूर्त धरावयाचा, फळ्यावर पसरलेल्या धुळीत ओनामा गिरवून घ्यावयाचा, पंतोजींना शिधा पोचवावयाचा, आणि मूल पाटीवर आले की ती लाकडी पाटी कोळसा व पाल्याचा रस यांनी घोटून काळी करून द्यावयाची; पुढे कागदाची वेळ आली की बोरूस टोक काढणे आणि शाई घोटणे, हेही घरातलेच काम. ही सर्व कामे अक्षरशत्रू माणसास करता येण्याजोगी होती, आणि खेड्यात ती करणाऱ्या बहुतेक हातांस अक्षराची ओळख नव्हतीच. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटून तिची पूजा करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे; ती भाविकपणाची खूण खरीच, पण साधनाची निगा हा शिक्षणातील घराचा वाटा आहे, याची ती वार्षिक कबुलीही होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मात्र निगा म्हणजे सर्वस्व नव्हे. दिवेलागणीस परवचा होई, आणि मुलगा पावकी, निमकी, पाउणकी मोठ्याने म्हणे. चुलीपाशी बसलेल्या मातेस सात पाउणे किती हे कदाचित सांगता आले नसते, परंतु रोज ऐकून ऐकून मुलगा कोठे अडखळला, कोठे घाईने गिळून पुढे गेला, हे तिला अचूक समजे, आणि ती त्यास पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास लावी. शिक्षण ऐकू येण्याजोगे होते, म्हणून निरक्षर घरासही त्यावर देखरेख ठेवता येत होती. आजच्या अडचणीची निम्मी उकल या एका गोष्टीत आहे.

निजामी अमलात ही देखरेख पहिल्यांदा लुळी पडली. तालीमात खात्याच्या व्यवस्थेत तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशा पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर मातृभाषेला जागा मिळे, पण वर चढावे तसा उर्दूचा अंमल वाढत जाई, आणि १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू ठरविले. ज्या घरांत कोणी वकील, पेशकार किंवा कचेरीतील कारकून होता, त्या घरांना हे जड गेले नाही. परंतु मानवत-पाथरीकडच्या कुणब्याचा मुलगा रात्री जे मोठ्याने वाची, ते घराच्या कानावर पडत असूनही घरास उमगत नसे, आणि मग देखरेखीचे काम गावातील एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपवावे लागे. या परिस्थितीतही माणसे घडली, हे नमूद केलेच पाहिजे; तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना गावी १९१३ साली जन्मलेल्या बी. रघुनाथांनी निजामाच्या बांधकाम खात्यात परभणीस कारकुनी करीत मराठी कविता आणि कादंबरी लिहिली. सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या संस्थांकडे मराठवाड्यातील माणूस जिव्हाळ्याने पाहतो, त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण मला येथे दिसते: अशा शाळांनी मुलाचा अभ्यास पुन्हा घरास उमगेल असा केला.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली, तेव्हा हैदराबाद राज्यात दहा माणसांत जेमतेम एक साक्षर होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत गेल्या आणि १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके गावोगावी पोचू लागली. पुस्तक हे मोठे प्रामाणिक साधन आहे. ते मुलाचे असते, त्यास कव्हर घालता येते, आणि पुढल्या वर्षी ते धाकट्या भावंडाकडे किंवा शेजारच्या मुलाकडे जाते.

रेडिओची गोष्ट निराळी. त्या काळी पोस्टात परवान्याचे पैसे भरून रेडिओ घरी ठेवावा लागे, आणि असे घर गावात एखादेच. बाकीच्यांनी ग्रामपंचायतीच्या संचासमोर बसावयाचे. परभणीस आकाशवाणीचे केंद्र झाले तेव्हा या जिल्ह्याच्या कानास आपल्या भागातील बोली आणि आपल्या शेतीची भाषा हवेतून ऐकू येऊ लागली, हा भाग्याचा योग खराच. परंतु ऐकणे आणि शिकणे यांत किती अंतर असते, हे १९५६ साली पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातील दीडशे गावांत चालविलेल्या शेतकरी श्रोते मंडळांच्या प्रयोगाने आधीच दाखवून दिले होते. त्यात वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, आणि तो संपल्यावर संच बंद करून आपसांत चर्चा करीत. कार्यक्रमाचे जे काही फलित हाती आले, ते या चर्चेमुळे. शेतकऱ्यांसाठी हे ओळखले गेले. शाळेतील मुलांच्या बाबतीत मात्र, संच चालू झाला म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत पुढे कितीतरी वर्षे टिकली.

दूरचित्रवाणीने तीच चूक अधिक खर्चाने केली. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था निघाली, तिने मुलांसाठी कष्टाने कार्यक्रम तयार केले, आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर निवडक शाळांना रंगीत संच व टेपरेकॉर्डर देण्याची केंद्राची योजनाही आली. पण सरकारी मालकीची वस्तू मोडली तर जबाबदारी कोणाची, या भयाने गावोगावचे हेडमास्तर ती कुलपात ठेवीत, आणि त्यांस फारसा दोष देता येत नाही, कारण डेडस्टॉक रजिस्टरवर सही त्यांची असे. घरांनी त्या संचाकडे पाहिलेदेखील नाही. तो त्यांचा नव्हताच. रविवारी सकाळी रामायण लागे तेव्हा ज्या शेजाऱ्याच्या ओसरीत सारी आळी दाटीवाटीने बसे, त्याच शेजाऱ्याच्या संचावर मुलांचा शैक्षणिक कार्यक्रमही दिसू शकतो, हे पालकांना कोणी सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली.

संगणकाविषयी थोडक्यातच लिहितो. २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी निघाले, तरुण मुले फी भरून ते शिकली, शाळांतूनही संगणक कक्ष झाले; परंतु भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज आणि तासिका यांची गाठ पडणे दुर्मीळ होते, आणि पालकांच्या लेखी ती खोली म्हणजे चपला बाहेर काढून जावयाची जागा, याहून अधिक काही नव्हती.

खरा पालट २०१५ साली झाला. त्या वर्षीच्या २२ जूनला राज्य शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्याच्या ओघात जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची चढाओढ लागली. यांत पुष्कळ दिखाऊपणा होता. भिंती रंगवून फलक लावला की शाळा डिजिटल झाली, असे मानणारेही निघाले. तरीही एक गोष्ट त्यात अपूर्व होती: या पडद्यांचा आणि प्रोजेक्टरांचा खर्च बव्हंशी लोकवर्गणीतून झाला. सप्ताहासाठी वर्गणी देण्याची सवय असलेल्या गावांनी शाळेच्या यंत्रासाठी पैसे दिले, आणि सालगड्यापासून बागायतदारापर्यंत ज्याने ज्याने वर्गणी दिली तो त्या यंत्राचा अंशतः धनी झाला. पडदा बंद पडला तर ‘सर, आमचा टीव्ही का बंद?’ असे विचारण्याचा अधिकार पालकास शाळेच्या इतिहासात प्रथमच प्राप्त झाला. २०१७ साली दीक्षा हे राष्ट्रीय व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापून येऊ लागले, आणि ही सामायिक मालकी आता रुजेल, असे वाटू लागले होते.

तेवढ्यात मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा निघाली, आणि गावाने विकत घेतलेला पडदा कुलपात अडकून पडून अभ्यासाचे सारे ओझे एका अशा वस्तूवर येऊन पडले, जी मुलाची नव्हती, शाळेची नव्हती, गावाचीही नव्हती. ती बापाची होती. असर संस्थेच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. हा आकडा पाहून अनेकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. परंतु घरी फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे या भिन्न गोष्टी आहेत. सकाळी बाप वावरात गेला की फोन त्याच्या खिशात वावरात जाई, मजुरीचे बोलावणे त्यावरच येई, कापसाचा भाव त्यावरच कळे. संध्याकाळी तो परते तेव्हा बॅटरी उतरलेली, आणि शिकणारी मुले तीन. पाटीच्या काळात ज्याचे त्याचे साधन ज्याच्या त्याच्याकडे असे, म्हणून असा तंटाच कधी उद्भवला नव्हता.

त्यातच दुसरी अडचण मिसळली. बोटाने सरकत जाणारा अभ्यास निःशब्द असतो. मूल पडद्याकडे एकटक पाहते, कानात बोंडे असतात, आणि ते पाढे पाहते की खेळ खेळते, हे चुलीपाशी बसलेल्या माउलीस कळण्याचा काही मार्ग उरत नाही. निजामी काळी कानावर पडे पण कळत नसे. आता तर कानावर पडेनासेच झाले.

अशा स्थितीत जे उपक्रम तगले, ते कोणते होते, हे पाहण्यासारखे आहे. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झालेल्या ‘टिलीमिली’त गुरुजींचे व्याख्यान नव्हतेच; घरातील आणि अंगणातील वस्तू घेऊन मुलांनी वडीलधाऱ्यांसह करावयाच्या कृती त्यात होत्या, त्यामुळे घरात बोलणे होई, आणि बोलणे झाले की आईला ऐकू येई. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ‘स्वाध्याय’ उपक्रमात व्हॉट्सॲपवर आठवड्यास थोडे प्रश्न येत. ते बापाच्या फोनवरून रात्री अर्ध्या तासात सोडविता येत, म्हणजे फोन दिवसभर अडवून ठेवण्याची गरज पडत नसे. देवळाच्या ओट्यावर आणि समाजमंदिरात अंतर ठेवून मुले बसविणाऱ्या शिक्षकांचे श्रेयही लहान नाही. असरच्याच २०२० च्या पाहणीत, सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना घरून काही ना काही मदत मिळाल्याचे दिसले, आणि ज्यांचे आईबाप फारसे शिकलेले नव्हते तेथे थोरल्या भावंडांनी तो भार उचलला होता. जाणत्या शेजाऱ्याची जागा दहावीतील ताईने घेतली, एवढाच फरक.

तेव्हा परभणीच्या पालकास मोबाइल शिकवून तज्ज्ञ करण्याचा जो अट्टहास प्रशिक्षणांतून दिसतो, तो मला अनाठायी वाटतो. ॲप उतरवून घेणे, खेळांच्या आणि खरेदीच्या जाहिरातींपासून मुलास दूर ठेवणे, आलेला ओटीपी कोणास न सांगणे, इतके ताई शिकवू शकते. घराने करावयाची कामे जुनीच आहेत: फोन अमुक वेळ ते अमुक वेळ घरीच राहील असा करार आईबापांनी आपसांत करणे, कानातील बोंडे काढून आवाज मोकळा ठेवणे, धडा संपल्यावर फोन पालथा ठेवून मुलास तो तोंडी सांगावयास लावणे, आणि वहीत काही उतरले आहे की नाही ते पाहणे. वहीचे पान कोरे आहे, एवढे ओळखण्यास साक्षरतेची आवश्यकता नसते. २०२२ सालच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्वतयारीच्या उपक्रमात मातांचे गट करून, आठवड्यास एकत्र बसून मुलांकडून कृती करवून घेण्याची जी रीत काढली गेली, ती श्रोते मंडळांची दूरची वंशज आहे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतील सरकारी उपक्रमांत ती सर्वांत शहाणपणाची आहे.

यात सर्वांत बिकट प्रश्न ऊसतोड कुटुंबांचा. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतून दिवाळीनंतर कोयत्यावर जाणारी माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मूल आजीपाशी राहिले तर फोन आईबापांबरोबर फडात जातो, आणि फोनपाशी राहावे तर मुलाची शाळा सुटते. मुकादमाची उचल आणि कारखान्याचा निरोप त्या फोनवरच येत असल्याने तो मागे ठेवून जा, असे त्यांना सांगणे निर्दयपणाचे होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन घातले. परंतु तिच्या बैठकांचा वेळ सामान्यतः पोषण आहार, गणवेश आणि पत्र्याची गळती यांतच संपतो. कोणते मूल कोणापाशी मागे राहणार, त्या आळीत कोणाचा फोन संध्याकाळी मोकळा असतो, लोकवर्गणीतून घेतलेला शाळेचा पडदा तोडीच्या सहा महिन्यांत सायंकाळी उघडून देता येईल काय आणि त्याची किल्ली कोणत्या पालकाकडे असावी, आणि फडातून आईने रात्री फोन केला तर आजीपाशी बसलेल्या मुलाने तिला काय म्हणून दाखवावे, हे विषय दिवाळीपूर्वीच्या बैठकीत घेण्यास कायद्याची कसलीही आडकाठी नाही.