डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा खरंच सुटतो का?

'रोज १० मिनिटं हा व्यायाम करा, महिन्याभरात चष्मा काढून टाका' असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पण हा दावा कितपत खरा आहे?

दावा कुठून आला?
न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये यावर पुस्तक लिहिलं. डोळ्याबाहेरच्या स्नायूंवर ताण आल्यामुळे नंबर लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तळहातांनी डोळे झाकणं, नजर फिरवणं हे त्यांचे उपाय. विज्ञानाने हा सिद्धांत मान्य केलेला नाही.

नंबर का लागतो?
प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो १ मिलिमीटरने जास्त लांब असेल, तरी सुमारे मायनस अडीच ते तीन नंबर लागतो. कारण प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. व्यायामाने उंची कमी होत नाही, तशीच डोळ्याची लांबीही कमी होत नाही. चाळिशी लागते ती डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक झाल्यामुळे. तिथेही व्यायाम उपयोगी पडत नाही.

मग काहींना फरक का जाणवतो?
मेंदूला अंधुक प्रतिमेची सवय होते आणि अक्षरं ओळखता येऊ लागतात. नंबर मात्र तेवढाच राहतो.

व्यायाम कधी उपयोगी?
जवळचं पाहताना दोन्ही डोळे नीट एकत्र वळत नसतील, तर डॉक्टर विशिष्ट व्यायाम देतात आणि त्याचा फायदा होतो. स्क्रीनमुळे डोळे थकत असतील, तर दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब पाहा. आराम मिळेल, नंबर जाणार नाही.

मुलांच्या बाबतीत जपा
चष्मा वापरल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. उलट, लहान मुलाच्या एका डोळ्याला जास्त नंबर असताना चष्मा टाळला, तर तो डोळा 'आळशी' होऊ शकतो. वेळेत उपचार न झाल्यास पुढे चष्मा लावूनही त्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. मुलांना रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू दिल्यास मायनस नंबर लागण्याची शक्यता कमी होते.

सूर्याकडे टक लावून पाहण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नका. त्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

थोडक्यात: व्यायामाने थकवा कमी होईल, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय चष्मा काढू नका.