खरं सांगणाऱ्या सिस्टरलाच सीमा का आडवी येते?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे आणि विषय अमेरिकेतला आहे. पण आपल्या भागात बऱ्याच घरांत एखादी तरी मुलगी जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग करतेय, काहींच्या डोळ्यांत परदेशही आहे. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटला.

अमेरिकेत नर्सचं लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. १९०३ साली नॉर्थ कॅरोलायनाने नर्सच्या नोंदणीचा पहिला कायदा केला. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया मागोमाग आले. रुग्णाच्या उशाशी कोण उभं आहे हे सरकारला माहीत असावं, हा हेतू. पण त्यातून प्रत्येक राज्याची वही वेगळी झाली. शेजारच्या राज्यात काम करायचं तर नवा अर्ज, नवी फी, नवी चौकशी.

आता दुसरी बाजू. नर्सच्या हाताशी मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं असतात. वर रात्रपाळ्या, कंबरदुखी, ताण. काही जणी आणि काही जण त्यांच्या आहारी जातात. पूर्वी यावर मुख्य इलाज एकच होता, लायसन्स काढून घ्यायचं. त्यामुळे व्हायचं काय, तर व्यसनात सापडलेली नर्स गप्प, सोबतचे गप्प, आणि ती तशीच ड्युटीवर. १९८२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ठराव केला की आधी उपचाराची संधी द्या. १९८३ मध्ये फ्लोरिडाने तशी योजना सुरू केली. मग एकेक करत बहुतेक राज्यांनी तो मार्ग धरला.

योजना सोपी नाही बरं का. करार साधारण तीन ते पाच वर्षांचा. रोज फोनवर किंवा अ‍ॅपवर बघायचं, आज आपला नंबर लागलाय का. लागला की लघवीची तपासणी. खर्च बहुतेक वेळा स्वतःचा. काही काळ नशेच्या औषधांना हात लावायचा नाही, कामावर देखरेख करणारा वरिष्ठ, ठरलेल्या बैठका. बदल्यात बऱ्याच राज्यांत नाव जाहीर होत नाही आणि लायसन्स वाचतं.

आता अशी नर्स करारात असताना नवऱ्याची बदली झाली किंवा दुसऱ्या राज्यातले आईवडील आजारी पडले, तर? आधी देखरेख करणाऱ्यांना कळवायचं. मग नव्या राज्यात अर्ज. त्यात बऱ्याचदा थेट प्रश्न असतो, तुम्ही अशा योजनेत आहात का? 'हो' लिहिलं की पुढचा निर्णय त्या राज्याच्या मंडळाचा. झालेली वर्षं धरायची की पहिल्यापासून मोजायची, तेही तेच ठरवणार. सगळ्या राज्यांत अशी योजना नाही. त्यामुळे एका ठिकाणी जे गोपनीय उपचार, ते दुसरीकडे जाहीर शिस्तभंगाची कारवाई ठरू शकतं. निर्णय होईपर्यंत पगार नाही, तपासण्यांचा खर्च मात्र चालू.

२००० च्या सुमारास टेक्सास, युटा, विस्कॉन्सिन, मेरीलँड या राज्यांनी आपसात करार केला, एका लायसन्सवर सगळीकडे काम. पण देखरेखीतल्या नर्सला त्यातही अट होती, दुसऱ्या राज्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय तिथे काम नाही. १९ जानेवारी २०१८ पासून नियम आणखी कडक झाला. योजनेत असेपर्यंत बहुराज्य लायसन्स मिळत नाही, आधी असेल तर इतर राज्यांतला हक्क थांबतो.

एवढा कडकपणा का, हे चार्ल्स कलन या माणसाच्या प्रकरणावरून कळतं. हा नर्स १९८८ ते २००३ न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात फिरत राहिला. संशय आला तरी काही ठिकाणी त्याला नुसतं घालवून दिलं, पुढच्या हॉस्पिटलला कुणी सावध केलं नाही. शेवटी त्याने कोर्टात २९ खुनांची कबुली दिली. २००५ मध्ये न्यू जर्सीने कायदाच केला, हॉस्पिटलांनी अशी माहिती सरकारला कळवायची आणि पुढच्या मालकापासून लपवायची नाही.

पत्रकारांनीही हा विषय लावून धरला. २००९ मध्ये प्रोपब्लिका आणि लॉस एंजेलिस टाइम्सने कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग मंडळाची ढिलाई बाहेर काढली, तेव्हा गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी मंडळाचे बहुतेक सदस्य लगेच बदलले. आमच्या व्यवसायातल्या माणसाला अशी बातमी वाचून बरं वाटतंच.

पण माझा मुद्दा पुढेच आहे. कलन कुठल्याही योजनेत अडकून सीमेवर थांबला नव्हता. तो निसटला, कारण माहिती असलेले लोक बोलले नाहीत. उलट देखरेखीतली नर्स वारंवार तपासली जाते, तिची फाइल तयार असते, आणि थांबवलं जातं तिलाच. लपवणाऱ्याला वाट मिळाली आणि सांगणाऱ्याला फाटक. असंच चाललं तर पुढची व्यसनी नर्स कशाला स्वतःहून पुढे येईल? पुन्हा १९८२ आधीसारखं गप्प बसणं आलं, आणि त्यात जीव जायचा रुग्णाचा. म्हणून देखरेख सोडू नये, पण ती माणसासोबत सीमेपलीकडे जावी. फाइल इकडून तिकडे द्या, झालेली वर्षं मोजा, तपासण्या चालू ठेवा.

आपल्याकडेही नर्सची नोंदणी राज्याच्या परिषदेकडेच होते. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायद्यात देशाच्या एका नोंदवहीची तरतूद आहे. तिच्यात नाव आणि पदवी असेलच. पण आजारी पडून सावरलेल्या सिस्टरबद्दल काय लिहायचं, ते कुणी वाचायचं आणि कधी पुसायचं, हे आत्ताच बोलायला हवं. आपल्या भागातल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना काय वाटतं? कमेंटमध्ये जरूर लिहा.