आधीचा आकडा कुठे आहे?

सेन्सर, सिग्नल, नॉइज हे शब्द ऐकले की आपल्यासमोर ऑसिलोस्कोपचा पडदा येतो. आज मात्र आपण रक्ताच्या एका चाचणीचा इतिहास बघणार आहोत. सिग्नलमधून नक्की काय वजा करायचं, हा प्रश्न तिच्याइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. सुमारे २० जण दगावले. फवारणीत वापरलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं होती. या गटाची बाधा किती झाली हे सांगणारी चाचणी म्हणजे कोलिनएस्टरेज. तिची सोय जिल्ह्यात नव्हती, हे त्या वेळी बातम्यांतून पुढे आलं.

आधी चाचणी काय मोजते ते समजून घेऊ. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारं रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. निरोप पोचला की एक एन्झाइम त्याचे तुकडे करून जागा मोकळी करतं. ऑर्गनोफॉस्फेट नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि शेवटी श्वास बंद. हेच एन्झाइम तांबड्या रक्तपेशींवरही असतं. म्हणजे मज्जातंतूत काय चाललंय याचा सेन्सर आपल्या रक्तातच फिरतोय. प्रश्न फक्त तो वाचायचा कसा, एवढाच.

१९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होता, तेव्हा त्याच्या हाती टाबुन हा विषारी वायू लागला. शेतीचं औषध आणि युद्धाचं विष एकाच घराण्यातलं निघालं, आणि हे एन्झाइम मोजण्याची गरज वाढली.

१९४९ मध्ये मिशेल यांनी पद्धत दिली ती काचेच्या पीएच इलेक्ट्रोडची. अॅसिटिलकोलीन तुटलं की आम्ल तयार होतं आणि पीएच उतरतो. साधारण तासाभराच्या अंतराने दोनदा वाचन घ्यायचं, फरकाला वेळेने भागायचं. पण तेवढ्यावर काम भागत नाही. एन्झाइम नसतानाही थोडं आम्ल तयार होतंच, म्हणून ते वजा करायचं. पीएच उतरत जातो तसा उतरण्याचा वेगही बदलतो, म्हणून एका गुणकाने दुरुस्ती करायची. मिशेलच्या सूत्रात या दोन्ही गोष्टी आहेत. संगणकाशिवाय, कागदावर केलेलं सिग्नल प्रोसेसिंगच हे!

१९६१ मध्ये एलमन आणि सहकाऱ्यांनी रंगाची वाट धरली. एन्झाइमला अॅसिटिलकोलीनसारखाच दिसणारा दुसरा पदार्थ द्यायचा. तो तुटला की डीटीएनबी या रसायनामुळे द्रावण पिवळं होत जातं. ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशात हे पिवळेपण किती वेगाने वाढतं ते बघायचं. लक्षात घ्या, उत्तर कुठल्याही एका वाचनात नाही, ते रेषेच्या चढात आहे. काच थोडी मळकी असली किंवा दिव्याचा प्रकाश मुळातच थोडा कमी असला, तर सगळी रेष वर-खाली सरकते, चढ मात्र तसाच राहतो.

अडचण पुढे आहे. हिमोग्लोबिनही जवळपास त्याच तरंगलांबीला प्रकाश भरपूर शोषतं. म्हणजे रक्त हाच नॉइज! १९९९ मध्ये वोरेक आणि सहकाऱ्यांनी तरंगलांबी ४३६ नॅनोमीटरवर नेली. तिथे हिमोग्लोबिनचं शोषण सुमारे २५ टक्क्यांवर येतं, पिवळ्या रंगाचं मात्र सुमारे ८० टक्के शिल्लक राहतं. थोडा सिग्नल सोडला आणि बराच नॉइज टाळला. फिल्टरच्या धड्यात आपण हेच शिकतो ना?

आता सगळं नीट मोजलं असं समजा. दोन मजुरांचा आकडा आज ६० आला. पहिल्याचा फवारणीआधी १०० होता, दुसऱ्याचा ६०. पहिल्याचं ४० टक्के एन्झाइम गेलंय, दुसऱ्याला काहीच झालेलं नाही. माणसामाणसांत हा आकडा मुळातच इतका वेगळा असतो की चांगली बाधा झालेला माणूसही 'नॉर्मल' पट्ट्यात दिसू शकतो. म्हणून कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या मजुरांचा मूळ आकडा आधीच घेऊन ठेवतात. तांबड्या पेशींतलं एन्झाइम मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर आलं, की त्या माणसाला फवारणीवरून हटवायचं. परत घ्यायचं ते ८० टक्के भरल्यावर.

दुसरी वजावट आहे अंतराची. उमरखेड हा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, पैनगंगेकाठचा तालुका. तिथून यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब. नळीतल्या रक्तात विष आणि एन्झाइम दोन्ही असतील, तर त्यांची प्रक्रिया वाटेतही चालूच राहते. नमुना लगेच पातळ करून थंड केला नाही, तर प्रयोगशाळेत मोजलं जातं ते मजुराच्या शरीरातलं नव्हे, प्रवासातलं एन्झाइम.

आणि एक मर्यादा. २०१७ मध्ये चर्चेत आलेलं डायफेन्थियुरॉन ऑर्गनोफॉस्फेट नाही, ते वेगळ्या वाटेने काम करतं. या चाचणीत ते दिसणारच नाही. सेन्सर गप्प आहे म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा सेन्सर किती संवेदनशील आहे हे तुम्ही लिहालच. त्याच्याआधी तीन ओळी लिहा: मी काय वजा करतोय, तो आकडा कोणी आणि केव्हा घेतलाय, आणि माझ्या सेन्सरला काय दिसत नाही. २०१७ मध्ये बाहेरून यंत्र मागवताही आलं असतं. पण फवारणी सुरू होण्याआधीचा आकडा सप्टेंबरात कुठून आणणार? तो जूनमध्येच घ्यावा लागतो.